नव्या कुत्र्याचा पहिला पट्टा



कुत्र्याच्या गळ्यांतील पट्टा ही वस्तु इतकी साधी आहे, कीं तिच्यावर कोणी पाव तास भाषण करावें याचें आपणांस नवल वाटेल. दुकानांत जावें, मापाचा पट्टा घ्यावा, घरीं येऊन तो कुत्र्याच्या गळ्यांत अडकवावा, कीं झालें! यांत शिकण्यासारखें तें काय? ज्यांनीं दीड-दोन महिन्यांचें पिलूं आणून घरांत वाढविलें असेल, त्यांचा हा प्रश्न रास्तच आहे. परंतु आज मला बोलावयाचें आहे तें निराळ्याच कुत्र्याविषयीं. हा कुत्रा वयानें मोठा होऊन आपल्या घरीं येतो. कधीं तो रस्त्यावर वाढलेला असतो, कधीं प्राण्यांच्या आश्रयगृहांतून आणलेला असतो, तर कधीं बदली होऊन परगांवीं गेलेल्या कुटुंबानें मागें ठेवलेला असतो. त्याचें पूर्वायुष्य आपणांस ठाऊक नसतें, आणि तो तें सांगूं शकत नाहीं. अशा कुत्र्याच्या गळ्यांत आपण पहिल्यानें पट्टा घालतों, त्या क्षणीं त्याच्याशीं आपलें पहिलें संभाषण होत असतें. तें कसें होतें यावर पुढील पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात.

प्रथम कुत्र्याच्या बाजूनें विचार करूं. त्याच्या शरीरांत मानेइतकी जपण्यासारखी जागा क्वचितच असेल. श्वासनलिका, अन्ननलिका, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या आणि थायरॉइड ग्रंथि हें सारें त्या अरुंद जागेंत दाटीवाटीनें बसलेलें असतें. दोन कुत्र्यांचें खरें भांडण जुंपलें, म्हणजे ते एकमेकांच्या मानेवरच झेप घेतात. म्हणून अनोळखी माणसाचा हात डोक्यावरून मानेकडे येऊं लागला, कीं भित्र्या कुत्र्याला ती माया वाटत नाहीं. तें संकट वाटतें. त्यांतून तो रस्त्यावर वाढलेला असेल, तर फांस टाकून पकडणारीं माणसें त्यानें पाहिलेलीं असतात. कांहीं कुत्र्यांच्या मानेभोंवतीं तर केंस नसलेला एक वळ दिसतो. लहानपणीं कोणी हौसेनें बांधलेली सुतळी पुढें सोडलीच नाहीं. कुत्रा वाढत गेला आणि सुतळी कातड्यांत रुतत गेली. ती काढली तरी तिची आठवण मानेवर व मनांत राहते. अशा कुत्र्यापुढें आपण नवा, लाल, पितळी बकलाचा सुंदर पट्टा धरतों आणि तो गुरगुरला म्हणजे त्याला कृतघ्न म्हणतों!

वास्तविक पट्टा ही मूळची दुष्ट वस्तु नव्हे. व्हारो नांवाच्या रोमन ग्रंथकारानें इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत शेतीवर एक ग्रंथ लिहिला आहे. त्यांत कळपाची राखण करणाऱ्या कुत्र्याच्या पट्ट्याचें वर्णन येतें. पट्टा जाड कातड्याचा असावा, त्यांत खिळे बसवावेत, आणि खिळ्यांच्या माथ्यांखालीं मऊ कातडें शिवावें, म्हणजे लोखंड कुत्र्याच्या मानेला बोंचणार नाहीं, असें तो सांगतो. लांडग्यानें नरड्याला दांत लावूं नयेत म्हणून खिळ्यांचीं टोकें बाहेर होतीं. आपल्याकडे हिमालयांतील मेंढपाळही बिबट्याच्या भयानें आपल्या कुत्र्यांना असे लोखंडी पट्टे घालीत आले आहेत. पट्ट्याचे कांटे शत्रूकडे वळलेले आणि मऊ बाजू मित्राकडे, अशी ती योजना होती. पुढें शिकवणुकीच्या नांवाखालीं माणसानें ही योजना उलटी केली. आज बाजारांत ज्याला ट्रेनिंग कॉलर म्हणतात, त्याच्या एका प्रकारांत धातूचे कांटे आंतल्या बाजूस असतात. दोरी ओढली, कीं ते मानेंत रुततात. दुसरा प्रकार सरफासाच्या साखळीचा. ओढ बसली कीं ती आंवळत जाते. तिसरा विजेचा, मालकानें हातांतील कळ दाबली, कीं मानेला झटका बसतो.

या साधनांमागें एक विचारपरंपरा आहे व तिला उगीच हिणवण्याचें कारण नाहीं. जर्मनींत पोलिसांचे कुत्रे तयार करणाऱ्या कोनराड मोस्ट यानें १९१० सालीं श्वानशिक्षणावर पुस्तक लिहिलें. कुत्रा नीति-अनीति जाणत नाहीं, तो परिणामांवरून शिकतो, हें त्यानें स्पष्ट ओळखलें होतें. मात्र त्याच्या पद्धतींत हिसक्याला व सक्तीला मोठें स्थान होतें, आणि पुढें कित्येक वर्षें तीच वहिवाट पडली. दुसरी वाट नंतर मोकळी झाली. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५१ सालीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत प्राण्यांना कसें शिकवावें यावर लेख लिहिला. हवी ती हालचाल होतांच एक ठराविक आवाज करावयाचा व लागलीच खाऊ द्यावयाचा, ही युक्ति त्यानें सामान्य वाचकाला समजावून दिली. कॅरेन प्रायर या बाईंनीं हवाई बेटांत डॉल्फिन माशांसारख्या दिसणाऱ्या सस्तन प्राण्यांना याच तत्त्वावर शिकविलें, आणि १९८४ सालीं आपला अनुभव ग्रंथरूपानें मांडला. डॉल्फिनच्या गळ्यांत पट्टा घालतां येत नाहीं, त्याला हिसका देतां येत नाहीं, आणि रागावलें तर तो पोहत दूर निघून जातो. तरीही तो शिकतो! मग जो प्राणी हजारों वर्षें आपल्या दाराशीं बसला आहे, त्याला नरडें आवळल्याशिवाय शिकवितां येत नाहीं असें म्हणणें, हा त्या प्राण्याचा नव्हे, आपला कमीपणा ठरेल.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं.

कुत्रा घरीं आल्यावर पहिले दोन-तीन दिवस त्याला कांहींही शिकवूं नये. त्याला एक कोपरा द्यावा, पाणी द्यावें, ठरल्या वेळीं अन्न द्यावें, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखविण्यासाठीं त्याला बाहेर ओढूं नये. तो येतांनाच पट्टा घालून आला असेल व तो फार घट्ट नसेल, तर तो तसाच राहूं द्यावा. गळा मोकळा असेल, तर दारें-खिडक्या व फाटक यांवर नजर ठेवावी. नवा कुत्रा पळून जाण्याचा धोका या आरंभीच्या दिवसांतच मोठा असतो. त्याला आपलें घर अजून घर वाटत नसतें, आणि सुटला तर परत येण्याची वाट त्याला ठाऊक नसते.

मग पट्टा निवडावा. पहिला पट्टा रुंद, मऊ, साध्या बकलाचा किंवा खटक्याचा असावा. मुधोळ किंवा कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्यांचें डोकें मानेपेक्षां फारसें रुंद नसतें, त्यामुळें साधा पट्टा डोक्यावरून सहज निसटतो. त्यांच्यासाठीं मार्टिंगेल नांवाचा पट्टा मिळतो. ओढ बसली असतां तो थोडासा आवळतो, परंतु ठराविक मर्यादेपुढें आवळत नाहीं. ती मर्यादा मानेच्या मापाशीं जुळवून घेतली, कीं कुत्रा निसटत नाहीं आणि गुदमरतही नाहीं. मात्र असा आवळणारा पट्टा घालून कुत्र्याला कधीं एकटा सोडूं नये. खिळ्याला किंवा फाटकाच्या गजाला अडकला, तर जिवावर बेतूं शकतें.

आतां पट्ट्याची ओळख करून देण्याचा क्रम सांगतों. यांत घाई केली तर काम वाढतें, हें ध्यानांत असूं द्यावें.

पहिल्या दिवशीं पट्टा नुसता जमिनीवर ठेवावा. कुत्र्यानें त्याच्याकडे पाहिलें किंवा तो हुंगला, कीं जवळच खाऊचा लहानसा तुकडा टाकावा. उकडलेली कोंबडी, अंडें, पनीर, जें त्याला प्रिय असेल तें चालेल. मात्र मनुका, चॉकलेट व कांदा हे पदार्थ कुत्र्याला विषारी आहेत, तेवढे टाळावेत. दुसरी पायरी म्हणजे हाताची ओळख. कुत्र्याच्या बाजूला बसावें, समोरून वांकूं नये. हनुवटीखालून मानेला क्षणभर स्पर्श करावा, हात काढावा व खाऊ द्यावा. तिसऱ्या पायरीस पट्ट्याचें मोठें कडें करून एका हातांत धरावें व दुसऱ्या हातांतला खाऊ त्या कड्याच्या पलीकडे धरावा. कुत्रा खाऊसाठीं आपण होऊन तोंड पुढें करील. प्रथम नाक, मग डोळ्यांपर्यंत, मग कानांपर्यंत, असा तो कड्यांत येतो. आपण कडें त्याच्या अंगावर न्यावयाचें नाहीं. त्यानें कड्यांत यावयाचें आहे. या एका फरकांत सारें मर्म आहे. चौथ्या पायरीस पट्टा मानेवर ठेवून दोन्ही टोकें क्षणभर हातांनीं जुळवावीं व सोडावीं. खटक्याच्या आवाजानें पुष्कळ कुत्रे दचकतात, म्हणून तो आवाज आधीं दूरवर करून दाखवावा व प्रत्येक आवाजामागून खाऊ द्यावा. हें सारें निर्वेधपणें पार पडल्यावर पांचव्या पायरीस पट्टा खरोखर लावावा, दोन-चार सेकंद ठेवावा आणि काढावा. मग जेवणाच्या वेळीं लावून जेवण संपल्यावर काढावा. असें करतां करतां तो दिवसभर गळ्यांत राहूं लागतो. एखादा कुत्रा हा सर्व प्रवास एका दुपारींत करतो, एखाद्याला तीन आठवडे लागतात. वेळापत्रक कुत्र्याचें, आपलें नव्हे.

येथें एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. आधीं पट्टा दिसावा आणि मग खाऊ यावा. पुष्कळ लोक उलट करतात. हातांत खाऊ दाखवून कुत्र्याला जवळ बोलावतात, आणि तो आला कीं गळ्यांत पट्टा अडकवितात. अशानें खाऊ हीच संकटाची सूचना होऊन बसते, व चार दिवसांनीं कुत्रा खाऊ पाहूनच पलंगाखालीं शिरतो. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह याला १९०४ सालीं पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच्या कुत्र्यांवरील प्रयोगांतून जगाला कळलें तें हेंच, कीं आधीं येणारी खूण ही मागून येणाऱ्या गोष्टीचा अर्थ धारण करते. पट्ट्यामागून सुख आलें, तर पट्टा सुखाची खूण होईल.

हें चाललें असतां कुत्रा बोलत असतो; आपण तें ऐकलें पाहिजे. भूक नसतां ओठ चाटणें, झोंप नसतां जांभई देणें, मान वळविणें, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणें, शेंपूट पायांत घेणें, हीं भीतीचीं चिन्हें होत. त्यांतील कोणतेंही दिसलें, कीं एक पायरी मागें यावें. सर्वांत फसवें चिन्ह म्हणजे दगडासारखें स्तब्ध होणें. "पहा, कसा शहाण्यासारखा उभा आहे!" असें आपण म्हणतों, पण तो शहाणपणानें उभा नसतो, भयानें गोठलेला असतो, आणि पुढचें पाऊल चाव्याचें असूं शकतें. तो गुरगुरला तर त्याला शिक्षा करूं नये. गुरगुरणें हा उर्मटपणा नव्हे, ती पूर्वसूचना आहे. सूचना देण्याबद्दल ज्याला मार बसतो, तो पुढच्या खेपेस सूचना न देतां चावतो. आणि यदाकदाचित् चावा बसलाच, तर जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून तत्काळ डॉक्टरांकडे जावें. कुत्र्याला व माणसाला अलर्क रोगावरील लस वेळेवर मिळाली पाहिजे. यांत हयगय चालत नाहीं.

पट्टा अंगवळणीं पडला, म्हणजे दोरीची पाळी. प्रथम हलकी दोरी लावून ती घरांत, आपल्या नजरेखालीं, नुसती मागें फरफटूं द्यावी. मग ती हातांत धरावी, पण ओढूं नये. कुत्रा जाईल तिकडे आपण जावें. मग आपण दोन पावलें चालावें आणि तो बरोबर आला, कीं खाऊ द्यावा. दोरी ताठ झाली, तर थांबावें. सैल झाली, कीं चालावें. दोरी ताठ म्हणजे वाट बंद आणि दोरी सैल म्हणजे वाट मोकळी, हा धडा कुत्रा कांहीं दिवसांत शिकतो. फार ओढणाऱ्या कुत्र्याची दोरी मानेच्या पट्ट्याला न लावतां छातीभोंवतीं बसणाऱ्या हार्नेसला लावावी. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पशुवैद्यकीय संशोधनांत, पट्ट्यावर ओढ बसली असतां कुत्र्याच्या डोळ्यांतील दाब वाढतो व हार्नेसवर तीच ओढ बसली असतां तसा वाढत नाहीं, असें आढळून आलें. डोळ्यांचे किंवा श्वासाचे विकार असलेल्या आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यांना ही काळजी विशेष घ्यावी.

यावर कोणी म्हणेल, "हे सारे लाड झाले. आम्हीं चार हिसके दिले आणि आमचा कुत्रा सरळ झाला." हा आक्षेप खोटा नाहीं. हिसक्यानें कुत्रा सरळ झाल्यासारखा दिसतो खरा, आणि अडचण तेथेंच आहे. समजा, रस्त्यानें जातांना आपल्या कुत्र्याला समोरून येणारें लहान मूल दिसलें. तो कुतूहलानें पुढें झाला आणि त्याच क्षणीं त्याच्या मानेंत कांटे रुतले किंवा विजेचा झटका बसला. आपल्या मनांत, आपण त्याला ओढण्याबद्दल शिक्षा केली. त्याच्या मनांत काय झालें? मूल दिसलें आणि वेदना झाली. असें पांच-दहा वेळां घडलें, कीं मूल हीच त्याला वेदनेची खूण होते. पाव्हलॉव्हचा नियम आपल्या हेतूची विचारपूस करीत नाहीं. मग एके दिवशीं, पट्टा नसतांना, घरांत पाहुण्यांचें मूल त्याच्याजवळ येतें. पुढें जें होतें, त्याला लोक "अचानक" म्हणतात. पण त्याची तयारी आपणच महिनोन्महिने केलेली असते. आणि असा कुत्रा पुन्हां रस्त्यावर किंवा आश्रयगृहांत परत जातो. ज्याला आपण वांचविण्यासाठीं आणलें, त्याचें दुसरें घरही बुडतें. तिसरें मिळणें फार कठीण. असल्या विचारानेंच वेल्समध्यें २०१० सालीं विजेच्या पट्ट्यांवर कायद्यानें बंदी घालण्यांत आली.

आपल्याकडील कायद्यांतही एक कलम प्रत्येक कुत्रा पाळणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें असें आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणें प्राण्याला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीनें अवाजवी काळ बांधून ठेवणें हा गुन्हा आहे. पट्टा फिरावयास नेण्यासाठीं आहे, खांबाला जखडण्यासाठीं नव्हे.

आतां निगेविषयीं दोन शब्द. पट्टा व मान यांमध्यें आपलीं दोन बोटें सहज गेलीं पाहिजेत. वाढत्या वयाच्या कुत्र्याचें माप दर आठवड्यास पहावें. मघांशीं सांगितलेल्या त्या सुतळीची गोष्ट चांगल्या घरांतही घडूं शकते. पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणांत व मुंबईस, कातडी पट्टा ओला राहून ताठ होतो व त्याखालीं कातडें खरवडतें. म्हणून त्या दिवसांत सुती किंवा नायलॉनचा पट्टा वापरावा, रोज काढून मान कोरडी करावी व गोचीड पहावे. दोन कुत्रे मस्ती करीत असतां पट्टे काढून ठेवावेत; एकाचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यांत अडकून दोघांच्याही जिवावर बेतल्याचे प्रकार होतात. दिवाळींत फटाके सुरू होण्यापूर्वीं त्याला फिरवून आणावें, आणि त्या दिवसांत पट्टा व हार्नेस दोहोंना दोरी लावावी.

पट्ट्यावर आपला दूरध्वनि क्रमांक असलेला बिल्ला अवश्य लावावा. ज्याला मालक नाहीं त्या कुत्र्याचा जीव स्वस्त, ही शहरांची जुनी रीत आहे. १८३२ सालीं मुंबईंत बेवारशी कुत्रे मारण्याचा सरकारी हुकूम निघाला, तेव्हां पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि मोठी दंगल उसळली. मुक्या जिवासाठीं माणसें अशी उभीं राहिलीं, ही त्या नगरीच्या इतिहासांतील विसरण्यासारखी गोष्ट नव्हे. आज आपल्याला इतकें कांहीं करावयाचें नाहीं; एक बिल्ला लावावयाचा आहे. वाट चुकलेल्या कुत्र्याला तो बिल्लाच घरीं आणतो.

आपल्या भाषेंत कुत्र्यावरची एक म्हण फार प्रसिद्ध आहे: त्याचें शेंपूट कितीही दिवस नळींत घातलें, तरी वांकडेंच. म्हण करणाऱ्यानें शेंपटाचा अनुभव घेतला, परंतु मनाचा घेतला नाहीं असें दिसतें. मारानें, उपासमारीनें वांकलेलें कुत्र्याचें मन धीरानें सरळ होतें. मात्र त्यासाठीं नळी लागत नाहीं, वेळ लागतो. खंडोबाच्या पायाशीं आणि दत्तगुरूंच्या भोंवतीं ज्याला आपण जागा दिली, त्याला आपल्या उंबऱ्याच्या आंत जागा देतांना चार दिवसांचा धीर आपण धरूं शकूं, यांत मला शंका वाटत नाहीं.

ज्या दिवशीं आपण खुंटीवरचा पट्टा हातांत घेतां आणि कुत्रा पलंगाखालीं न शिरतां आपण होऊन मान पुढें करतो, त्या दिवशीं पहिला धडा पुरा झाला असें समजावें. दुसरे धडे मग सोपे आहेत.